पंखा, खिडकी आणि मंद्र सप्तक

घरी गाणं ऐकताना काही नीट ऐकू येत नाही असं वाटलं, की आपण आधी आवाज वाढवतो. तेवढ्यानं समाधान झालं नाही तर नवे स्पीकर, नवा ॲम्प्लिफायर, महागड्या वायरी अशी खरेदी सुरू होते. या सगळ्यात ज्या खोलीत बसून ऐकायचं, तिचा स्वतःचा आवाज किती आहे, हा हिशेब सहसा कुणी मांडत नाही. छताचा पंखा, फ्रिज, खिडकीतून येणारी रस्त्याची घरघर, इमारतीतली पाण्याची मोटर या आवाजांची कानाला इतकी सवय झालेली असते की ते लक्षातही येत नाहीत. पण गाण्याचा बराच भाग हेच आवाज गिळून टाकतात, आणि रागसंगीताच्या बाबतीत तर तो भाग सर्वांत मोलाचा असतो. म्हणून घरच्या श्रवणासाठी पैसा आणि मेहनत खर्च करायचीच असेल, तर ती आधी खोलीवर करावी, यंत्रांचा विचार त्यानंतर करावा.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. दर १० डेसिबलला ध्वनीची शक्ती दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. रात्री उशिरा, सगळं बंद असताना बऱ्यापैकी शांत खोलीत ३० डेसिबलच्या आसपास आवाज असतो. दिवसा खिडक्या उघड्या असल्या तर शहरात तो सहज ४५च्या वर जातो, आणि जोरात फिरणारा पंखा एकटाच ५०च्या जवळ पोहोचतो. आता गाण्याकडे पाहू. समजा, द्रुत ताना ८० डेसिबलपर्यंत जातील असा आवाज आपण ठेवला. त्याच ध्वनिमुद्रणात आलापाची सुरुवात त्याहून ३० डेसिबलनं खाली, म्हणजे ५०वर असू शकते, आणि लांबवलेल्या स्वराची आस विरत विरत ३५पर्यंत उतरू शकते. भरतीच्या पाण्यात उंच खडक दिसत राहतात आणि सखल खडक बुडतात, तसं खोलीच्या आवाजात होतं. ताना आणि तबला शाबूत राहतात, आलापाच्या कडा बुडतात. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीत सर्वांत मोठ्या आणि सर्वांत हळू ध्वनीमध्ये ९६ डेसिबलचं अंतर मावतं. पण ५० डेसिबलच्या खोलीत त्यातलं फारच थोडं कानापर्यंत पोहोचतं, मग यंत्र कितीही भारी असो.

हा हिशेब थोडा ढोबळ आहे, कारण कान सगळा आवाज एकत्र मोजत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत हार्वी फ्लेचर यांनी दाखवून दिलं, की कान ध्वनीची विभागणी कंपनसंख्येच्या छोट्या छोट्या पट्ट्यांमध्ये करतो. एखाद्या स्वराला झाकतो तो प्रामुख्यानं त्याच्याच पट्ट्यातला गोंगाट. म्हणून खोलीच्या एकूण आवाजापेक्षा हळू असलेला एखादा स्वरही ऐकू येऊ शकतो. पण याच नियमाची दुसरी बाजू गाणं ऐकणाऱ्याला महागात पडते. घरातले बहुतेक आवाज खालच्या पट्टीतले असतात, आणि खालचा आवाज मोठा असला की तो आपल्या वरच्या स्वरांनाही झाकतो. वरचे स्वर खालच्यांना तेवढं झाकू शकत नाहीत.

याचं अगदी जवळचं उदाहरण म्हणजे तंबोरा. पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल, तर त्याच्या षड्जाची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे १३९ असते. मग तंबोऱ्याची पंचमाची तार १०४च्या आसपास आणि खर्जाची ६९च्या आसपास बोलते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून तिच्यावर चालणाऱ्या मोटरची गुणगुण साधारणपणे त्याच्या दुपटीला, १०० हर्ट्झवर असते. म्हणजे पंख्याची गुणगुण तंबोऱ्याच्या पंचमाला अगदी खेटून बसते. ही गुणगुण ठळक असली, तर त्या दोघांच्या मिश्रणातून सेकंदाला चारेक वेळा हेलकावणारी थरथर तयार होते, जी गायकानं लावलेल्या तंबोऱ्यात नाहीच. शिवाय जवारीमुळे तारेतून उमटणारे वरचे स्वर नाजूक असतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणेतल्या याच समृद्ध स्वरसंपत्तीवर निबंध लिहिला होता. पंख्याच्या पात्यांनी कापलेल्या हवेचा सूं सूं आवाज नेमका या वरच्या स्वरांवर पसरतो. तंबोरा असा अर्धा झाकला गेला, की त्याच्या आधारानं लावलेला गंधार किंवा ऋषभ किती नेमका आहे, हे ऐकणाऱ्याला कळायचा मार्गच बंद होतो. उस्ताद अमीर खाँसाहेबांचा मंद्रात रेंगाळणारा अतिविलंबित मारवा अशा खोलीत नुसता संथ वाटतो. तो कंटाळवाणा आहे असा ग्रह करून घेणाऱ्याचा दोष नसतो, त्याच्यापर्यंत तो पुरता पोहोचलेलाच नसतो.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की मग आवाज वाढवावा. पण आवाज वाढवला की हळू भागाबरोबर मोठा भागही वाढतो. आलाप पंख्याच्या वर आणण्यासाठी १० डेसिबल वाढवले, तर द्रुत ताना ९०वर जातात. प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच ऐकावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते, म्हणजे ९० डेसिबलला उरतात जेमतेम ४ तास. शेजाऱ्यांच्या त्रासाचा भाग वेगळाच. उलट, पंखा बंद करून खोली १५ डेसिबलनं शांत केली, तर कानाला काडीची इजा न होता आलाप तेवढाच मोकळा होतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गौहरजानच्या १९०२ सालच्या तबकड्यांपासून कितीतरी पिढ्यांनी सुईच्या खरखरीतून गाणं ऐकलं आणि त्यावर जीव ओवाळला, मग पंख्याचं एवढं कौतुक कशाला? माणसाचा मेंदू गोंगाटातून हवं ते वेचून घेतो, आणि झाकलेला तुकडा ओळखीचा असेल तर तो भरूनही काढतो, हे खरंच आहे. पण तो भरून काढतो ते आधी माहीत असलेलं. पाठ झालेली बंदिश गर्दीतही ऐकू येते, मात्र पहिल्यांदा ऐकलेल्या रागातली बारीक मींड मेंदू कशाच्या जोरावर रचणार? शिवाय त्या तबकड्या तीनेक मिनिटांच्या, कर्ण्यात मोकळ्या गळ्यानं गायलेल्या असत. माध्यमाला खरखर होती म्हणून गाणंही तिच्यावर मात करेल असं निवडलं जाई. पुढे लाँग प्ले तबकडीनं सावकाश आलापाला जागा दिली, ती जागा आपण घरच्या गोंगाटाला परत देऊ नये.

गोंगाट कमी करणारे हेडफोन हा तिसरा पर्याय सुचवला जातो, आणि ज्यांच्या घरात शांतता शक्यच नाही त्यांच्यासाठी तो चांगलाच आहे. पंख्यासारखा एकसारखा, खालच्या पट्टीतला आवाज ते उत्तम दाबतात. बोलणं, हॉर्न, भांड्यांचा खणखणाट यांपुढे ते तितके चालत नाहीत. आणि घरच्यांनी एकत्र बसून ऐकणं त्यात साधत नाही.

खोली शांत करायला मोठा खर्च लागतोच असं नाही, क्रम मात्र समजून घ्यावा लागतो. पंखा ५० आणि फ्रिज ४० डेसिबलचा असेल, तर दोघे मिळून ५०.४ होतात. अशा वेळी फ्रिज बंद करून काहीच साधत नाही, सर्वांत मोठा आवाज आधी गाठावा लागतो. मोबाइलवरचं आवाज मोजणारं ॲप अगदी अचूक नसलं, तरी कोणता आवाज मोठा हे दाखवतं. भिंतीच्या एक टक्का जागेत फट असली, तर भिंत कितीही जाड असो, ती २० डेसिबलपलीकडे आवाज अडवू शकत नाही, म्हणून जाड काचेच्या आधी खिडकीच्या फटी रबरी पट्टीनं बुजवाव्यात. पडदे आणि अंड्यांचे ट्रे बाहेरचा आवाज रोखत नाहीत, पडद्यांनी फार तर खोलीतला घुमारा कमी होतो. जवळ बसण्याचा फायदा मोठा आहे. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की ६ डेसिबल मिळतात, खोलीत त्याहून थोडे कमी. उकाड्यात पंखा बंद करणं अवघड असतं, पण तो सर्वांत हळू ठेवणं, किंवा पहाटेची वेळ निवडणं बहुतेकांना जमतं. ओळखीच्या आलापाची पहिली पाच मिनिटं आधी पंखा लावून आणि मग बंद करून ऐकली, तर फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही.

रस्त्याचा आवाज मात्र एकट्यादुकट्याच्या हातात नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातलेली आहे. ती पाळली जावी, हा आग्रह आजारी माणसं आणि विद्यार्थी यांच्याइतकाच संगीतप्रेमींनीही धरला पाहिजे. सतत गोंगाटात ऐकणाऱ्यांसाठी ध्वनिमुद्रण करणारे आवाजातले चढउतार दाबून सगळं एका पातळीवर आणतात, कारण त्याशिवाय गाडीत किंवा फोनवर काही ऐकू येत नाही. हे असंच चालत राहिलं, तर हळू स्वरात काही सांगू पाहणाऱ्या गायकाला श्रोताच उरणार नाही. रागसंगीत जपायचं असेल, तर मैफली भरवण्याबरोबर ते ऐकण्याजोगी शांतताही घरात आणि गल्लीत मिळवावी लागेल.