शोरूममधल्या ट्रॅक्टरचेही दात बघा, मग भाव करा



खरसुंडीच्या बाजारात खिलार बैल घ्यायला गेलेला आपला माणूस पहिल्यांदा काय करतो? जबडा उघडून दात बघतो. दुसा आहे, चौसा आहे की जुळलेला आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो हेड्याशी भावाची भाषा करत नाही. मग बैल चालवून बघतो, खूर बघतो, खांदा चाचपतो. हाच माणूस ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये गेला की मात्र दबकतो. काचेचे दार, खाली चकचकीत फरशी, हातात थंड पेय आणि समोर हार घातलेला ट्रॅक्टर. दात बघायचे राहून जातात आणि सही होऊन जाते.

आमच्या घरीही हेच झाले. २००९ सालच्या दसऱ्याला वडिलांनी शोरूममध्ये मांडून ठेवलेला ट्रॅक्टर घेतला. "डिस्प्लेचा पीस आहे काका, शेतात गेलेला नाही, तुमच्यासाठी दहा हजार कमी," असे तिथल्या माणसाने सांगितले. मी तेव्हा कृषी पदविकेला होतो. मलाही त्यातले काही कळत नव्हते. ट्रॅक्टर चालला चांगला, त्याबद्दल तक्रार नाही. पण २०१७ साली विकायला काढला, तेव्हा जुन्या ट्रॅक्टरच्या व्यापाऱ्याने आरसी बुक उघडले आणि बोट ठेवले. ट्रॅक्टर घेतला होता २००९ च्या दसऱ्याला, पण कारखान्यातून निघाला होता २००८ च्या फेब्रुवारीत. "गडी दीड वर्ष म्हातारा हाय," म्हणून त्याने एका वाक्यात पंचवीस हजार तोडले. दहा हजार मिळाले म्हणून खूश झालेल्या माझ्या वडिलांनी त्या दिवशी जेवण केले नाही.

तेव्हापासून गावोगाव फिरताना कुणी ट्रॅक्टरचा विषय काढला की मी ही गोष्ट सांगतो. आज ती इथे लिहितो आहे.

डिस्प्ले वेगळा, डेमो वेगळा

शोरूममध्ये मांडून ठेवलेला तो डिस्प्लेचा. तो शेतात गेलेला नसतो, पण महिनोन् महिने एका जागी उभा असतो. येणारा प्रत्येक जण त्यावर चढतो, लिव्हर ओढतो, किल्ली फिरवतो. डेमोचा ट्रॅक्टर मात्र गावोगाव नेऊन नांगराला, रोटाव्हेटरला जोडून दाखवलेला असतो. तो वापरलेलाच समजा. कधी कधी तो विक्रेत्याच्या नावावर नोंदवलेलाही असतो. मग कितीही चकचकीत असला तरी कागदावर तुम्ही दुसरे मालक ठरता. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा, "हा डिस्प्लेचा की डेमोचा? कुणाच्या नावावर नोंद झाली आहे का?"

उत्तर तोंडी मिळेल. पण ट्रॅक्टरचा तास मोजणारा मीटर खोटे सहसा बोलत नाही. मोटारगाडीला किलोमीटर, तसे ट्रॅक्टरला तास. नुसता उभा असलेल्या ट्रॅक्टरवर चार-पाच तास दिसले तर ठीक. चाळीस-पन्नास दिसले तर तो कुठेतरी राबून आला आहे.

दात कुठे असतात?

ट्रॅक्टरचे दात म्हणजे चासी नंबर, इंजिन नंबर आणि उत्पादनाचा महिना-वर्ष. नोंदणीसाठी विक्रेता जो विक्री दाखला देतो, म्हणजे फॉर्म २१, त्यात उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहावे लागते. तेच पुढे आरसी बुकात येते. पैसे देण्याआधी ते कागदावर लिहून मागा आणि चासी नंबर स्वतः ट्रॅक्टरवर वाचून ताळा करा. यात संकोच कसला? बैलाच्या तोंडात हात घालायला आपण लाजत नाही.

मग अंग तपासा. उभ्या ट्रॅक्टरचे दुखणे तीन-चार ठिकाणीच असते. बॅटरी उतरलेली असते, तिच्या टोकांवर पांढरी बुरशीसारखी पूड धरते. टायर एकाच जागी दबून राहतात आणि बाजूला बारीक चिरा पडतात. बहुतेक टायरांवर शेवटी चार आकडे असतात. ३२२४ असेल तर तो २०२४ सालातल्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला. इंजिन चालू करून हायड्रॉलिक वर-खाली करा, पीटीओ फिरवा, खाली वाकून तेल कुठे पाझरते का बघा. टॉपलिंक, ड्रॉबार, हत्यारांची पेटी आहे का मोजा. दुसऱ्या गिऱ्हाइकाला काही कमी पडले की ते डिस्प्लेच्या ट्रॅक्टरचेच काढून दिले जाते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

सूट आणि करकपात यात फरक आहे

२२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. छोट्या मोटारींवरचाही २८ वरून १८ टक्के झाला. चांगली गोष्ट आहे. पण ही कपात तुम्हाला शोरूमवाल्याने दिलेली नाही.

हिशेब बघा. समजा ट्रॅक्टरची कर सोडून किंमत ७ लाख रुपये. पूर्वी कर ८४ हजार, म्हणजे एकूण ७ लाख ८४ हजार. आता कर ३५ हजार, एकूण ७ लाख ३५ हजार. मधले ४९ हजार सरकारी कराचे. बिल आज होत असेल तर कर आजच्याच दराने लागतो, मग ट्रॅक्टर शोरूममध्ये कधीपासूनही उभा असो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये माझा चुलतभाऊ ट्रॅक्टर घ्यायला निघाला, तेव्हा मी बरोबर गेलो. किंमत जवळजवळ हीच होती. विक्रेत्याचा माणूस म्हणाला, "पाव्हणं, पावणेआठ लाखाच्या वरचा ट्रॅक्टर तुम्हाला सात पस्तीसला. सरळ एकोणपन्नास हजार सूट!" भाऊ खुलला. मी विचारले, "साहेब, हा तर कर कमी झाला. तुमची सूट किती?" तो हसला आणि म्हणाला, "पंधरा हजार करू." खरा भाव करायला तिथून सुरुवात झाली.

आधी घरी हिशेब, मग तोंड उघडा

तो ट्रॅक्टर वर्षभर उभा होता. कागदावर उत्पादनाचा महिना नोव्हेंबर २०२४ निघाला. बॅटरी उतरलेली होती, पुढच्या दोन्ही टायरांना चिरा होत्या. आम्ही त्या दिवशी भाव केलाच नाही. बाहेर येऊन दोन ठिकाणी चौकशी केली. बॅटरी आणि पुढचे दोन टायर मिळून सोळा हजारांचे काम निघाले. जुन्या ट्रॅक्टरच्या व्यापाऱ्याला विचारले, एक वर्ष जुना निघाला तर विकताना किती तोडाल? "पंचवीस-तीस हजार तर जाणारच," तो म्हणाला.

हे आकडे कागदावर लिहून दुसऱ्या दिवशी गेलो आणि एकूण पन्नास हजार कमी मागितले. कशाचे किती तेही सांगितले. "परवडत नाय," असे उत्तर आले. आम्ही चहा पिऊन, रामराम घालून उठलो. वाद घातला नाही, फोन नंबर तेवढा ठेवून आलो. महिनाअखेरीला शोरूममधूनच फोन आला. तीस हजार कमी, शिवाय बॅटरी आणि पुढचे टायर नवे. छत मागितले होते, ते दिले नाही. ७ लाख ५ हजारांना कर धरून व्यवहार ठरला.

यात आमची हुशारी फार नव्हती. वेळ आमच्या बाजूची होती. पाडव्याला, दसऱ्याला शोरूममध्ये रांग असते, तेव्हा भाव कोण कमी करील? सण सरल्यावर, महिनाअखेरीला, वर्ष बदलायच्या तोंडावर उभा माल विक्रेत्यालाही जड झालेला असतो. मुहूर्त पूजेला ठेवा, खरेदीला कशाला? आणि त्यालाही दुकान चालवायचे आहे, हेही लक्षात ठेवा. ज्याचे कारण सांगता येते तेवढेच मागा. कारण असले की माणूस चिडत नाही, विचार करतो.

हप्त्याच्या भाषेत अडकू नका

भाव टिकतोय असे दिसले की पुढची भाषा हप्त्याची येते. "किमतीचं जाऊ द्या, हप्ता किती झेपेल ते सांगा." इथे सावध राहा. पाच लाखांचे कर्ज, पाच वर्षे, सहामाही दहा हप्ते. व्याज १० टक्के असेल तर हप्ता सुमारे ६४ हजार ७५० रुपये. १३ टक्के असेल तर सुमारे ६९ हजार ५५०. एका हप्त्याला ४,८०० चा फरक, दहा हप्त्यांत ४८ हजार. भाव करून मिळवलेले तीस हजार या वाटेने परत गेले, वर अठरा हजार पदरचे. म्हणून आधी किंमत ठरवा. कर्जाचा दर आपल्या बँकेत वेगळा विचारा. विमाही शोरूममधूनच घ्यावा अशी सक्ती नाही, दोन कंपन्यांचे दर मागवा. आणि बिलात 'हँडलिंग' किंवा 'इतर खर्च' अशी ओळ दिसली तर ती कशाची, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

अनुदानाचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट. महाडीबीटीवर अर्ज करून पूर्वसंमती हातात आल्यावरच खरेदी करा. आधी घेतलेल्या ट्रॅक्टरला अनुदान मिळत नाही. स्वस्तात मिळतोय म्हणून घाईने डिस्प्लेचा घेतला आणि अनुदान गमावले, असे शेतकरी माझ्याकडे येतात तेव्हा मला काही करता येत नाही.

तोंडी शब्द कोटेशनवर आणा

जे ठरले ते शिक्क्याच्या कोटेशनवर लिहून घ्या. उत्पादनाचा महिना, चासी नंबर, कर धरून एकूण रक्कम, नवी बॅटरी, नवे टायर आणि हमीची मुदत. हमी तुमच्या खरेदीच्या तारखेपासून सुरू झाली पाहिजे, तसे हमीपुस्तकात शिक्क्यासह लिहून घ्या. स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी वस्तू घेणारा हा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकच आहे. फसवणूक झाली तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो, जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते. पण तिथे तोंडी शब्द फार पुरे पडत नाही, कागद लागतो.

चुलतभावाचा ट्रॅक्टर दारात आला तेव्हा आईने ओवाळले, नारळ फुटला. वडिलांनी पेढा हातात तसाच धरला आणि चष्मा लावून आधी कागद मागितला. नोव्हेंबर २०२४ वर बोट ठेवून विचारले, "हे ठावं होतं का?" भाऊ म्हणाला, "होतं काका, त्याचेच पैसे कमी केलेत." मग त्यांनी पेढा खाल्ला.

वर्षाने म्हातारा ट्रॅक्टर घेण्यात काही वाईट नाही. त्याचे वय माहीत नसताना तरण्याचा भाव देण्यात वाईट आहे. तेव्हा बंधूंनो, आधी दात बघा, मग खिशात हात घाला.