गळू आंब्यामुळे होतं की घामामुळे?

एप्रिल-मे महिन्यात घरात आंब्याची पेटी उघडते. आठवड्याभरात एखाद्या मुलाच्या मानेवर किंवा मांडीवर गळू येतं आणि घरातल्या मोठ्यांचा निकाल ठरलेला असतो: "आंबे जास्त झाले, उष्णता बाहेर पडतेय." बिचारा आंबा! तो त्या वेळी घरात हजर असतो, एवढाच त्याचा दोष.

गळू आणि केसतूड बहुतेक वेळा होतं ते स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूमुळे. साधारण दहापैकी तीन जणांच्या नाकात हा जिवाणू एरवीही काही त्रास न देता राहत असतो. कोरड्या, अखंड त्वचेवर त्याचं फारसं काही चालत नाही. उन्हाळ्यात मात्र त्वचा सतत घामाने ओली राहून मऊ पडते. घामाच्या नलिका बंद होऊन घामोळं येतं आणि आपण ते नखांनी खाजवतो. कॉलर, पँटचा पट्टा किंवा मांड्या जिथे घासतात, तिथे केसांच्या मुळाशी बारीक जखमा होतात. जिवाणूला आत शिरायला एवढं पुरतं.

जिथे आंबा पिकतच नाही, अशा थंड देशांतही हे संसर्ग उन्हाळ्यातच वाढतात. अमेरिकेत सेल्युलायटिसचे, म्हणजे त्वचेखालच्या थरात पसरणाऱ्या संसर्गाचे, रुग्ण जुलैच्या आसपास सर्वाधिक असतात आणि फेब्रुवारीच्या सुमारास सर्वांत कमी. आंब्याच्या देठाजवळच्या चिकामुळे ओठांभोवती पुरळ येऊ शकतं, हे खरं. पण ती ॲलर्जी, गळू नव्हे. खाण्याआधी आंबे पाण्यात भिजवून धुण्याची आजीची पद्धत त्यासाठी चांगलीच आहे.

पाऊस सुरू झाला की त्रासाची जागा बदलते. ओले बूट, भातखाचरातलं पाणी, न वाळलेले मोजे यांमुळे बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. चिखल्या हा बऱ्याचदा बुरशीचा आजार, पण फाटलेल्या त्या कातडीतून जिवाणू आत जातात आणि पाय लाल, गरम होऊन सुजतो, थंडी वाजून ताप येतो. मधुमेह असलेल्यांना आणि हत्तीरोगामुळे पाय सुजलेल्यांना याचा धोका जास्त. त्यांनी पावसाळ्यात रोज पाय धुऊन बेचक्या कोरड्या करणं हे औषधाइतकंच महत्त्वाचं.

लहान मुलांचं दुखणं वेगळं. डास चावतो, मूल खाजवतं, त्यावर फोड येतो, फुटतो आणि मधाच्या रंगाची खपली धरते. हा इम्पेटिगो. एकाच टॉवेलमुळे तो भावंडांत भराभर पसरतो. मेडिकलमधून आणलेलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावलं, तर लाली तात्पुरती कमी दिसते आणि संसर्ग आत वाढत राहतो. गळू पिळणंही तितकंच वाईट, विशेषतः नाकाच्या आणि वरच्या ओठाच्या भागातलं. तिथल्या रक्तवाहिन्यांचा संबंध मेंदूजवळच्या शिरांशी असतो. कोमट पाण्याच्या घडीने शेकावं; ताप आला, लाली पसरू लागली किंवा गळवं पुन्हा पुन्हा येऊ लागली, तर डॉक्टरांना दाखवावं. मोठ्यांनी रक्तातली साखरही तपासून घ्यावी.

इम्पेटिगोची एक गोष्ट मात्र फार कमी पालकांना माहीत असते. तो स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूमुळे झाला असेल, तर काही मुलांच्या मूत्रपिंडाला नंतर सूज येते. तीही लगेच नाही, फोड येऊन गेल्यावर साधारण तीन ते सहा आठवड्यांनी. सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज दिसते, लघवी कमी आणि कोऱ्या चहाच्या रंगाची होते. बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात, पण तपासणी लगेच व्हावी लागते. तोवर फोड कधीच वाळलेले असतात, त्यामुळे डॉक्टरांना त्यांच्याबद्दल सांगायचं कोणाला सुचत नाही. आवर्जून सांगा.