ऑफिस टाइम (फुलझाड)

ऑफिस टाइम (शास्त्रीय नाव : पोर्चुलाका ग्रँडिफ्लोरा) ही घोळ कुलातील, जमिनीलगत पसरणारी वर्षायू वनस्पती आहे. तिला चिनी गुलाब असेही म्हणतात. परंतु तिचा चीनशी किंवा गुलाबाशी वानस्पतिक संबंध नाही. ती मूळची दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना, उरुग्वे व दक्षिण ब्राझील या प्रदेशांतील आहे. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम जॅक्सन हूकर यांनी १८२९ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. भाजीसाठी वापरली जाणारी घोळ ही याच प्रजातीतील दुसरी जाती होय.

वर्णन

झाडाची उंची साधारणतः १० ते २० सेंमी. असते. खोड मांसल व बहुधा तांबूस असते. पाने लहान, जाड व दंडगोलाकार असून त्यांच्या बगलेत पांढरट केसांचे झुबके आढळतात. साध्या फुलाला पाच पाकळ्या असतात. बागेतील अनेक वाणांची फुले दुहेरी असतात. फुले पांढरी, पिवळी, नारिंगी, गुलाबी, लाल अशा रंगांची असतात. हे रंग बीटालेन गटातील रंगद्रव्यांमुळे येतात. बीट व बोगनवेल यांचे रंगही याच गटातील द्रव्यांचे असतात. पुंकेसरांना स्पर्श झाल्यास ते हलतात. फळ पिकल्यावर त्याचा वरचा भाग करंड्याच्या झाकणासारखा निघून येतो आणि आतील अतिशय बारीक बी बाहेर पडते.

फुलांचे उमलणे

फुले सकाळी ऊन चढू लागले की, म्हणजे कचेऱ्या सुरू होण्याच्या सुमारास, उमलतात व दुपारनंतर मिटतात. प्रचलित नावाचा उगम यातच आहे. उमलण्यासाठी प्रखर प्रकाश व ऊब लागत असल्याने ढगाळ दिवशी कळ्या मिटलेल्याच राहतात. हा रोग नव्हे. मात्र निरभ्र दिवसांतही फुले नीट उमलत नसतील, तर झाडाला ऊन अपुरे पडत असण्याची शक्यता अधिक असते.

कोरडेपणाशी अनुकूलन

मांसल पाने व खोडात पाण्याचा साठा असतो. ही वनस्पती उष्ण हवेत काटकसरीच्या ‘सी-४’ पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करते. पाण्याचा तुटवडा पडल्यास ती रात्री कार्बन डाय-ऑक्साइड घेऊन तो आम्लाच्या रूपात साठवते व दिवसा वापरते. त्यामुळे दिवसा पर्णरंध्रे उघडण्याची गरज कमी होते व बाष्पोत्सर्जन घटते. म्हणूनच हे झाड पाण्याच्या अभावापेक्षा अतिरेकाने अधिक दगावते.

लागवड व निगा

दिवसातून किमान सहा तास थेट ऊन मिळेल अशी जागा निवडावी. पाण्याचा निचरा उत्तम हवा. काळ्या चिकण मातीत वाळू किंवा बारीक खडी मिसळणे आवश्यक ठरते. बी कोरड्या वाळूत मिसळून पृष्ठभागावर विखरावे. उगवणीस प्रकाश लागत असल्याने ते मातीखाली गाडू नये. उबदार हवेत सुमारे दोन आठवड्यांत रोपे दिसतात. तोवर माती ओलसर ठेवावी. फांदीच्या ५ ते ८ सेंमी. लांबीच्या तुकड्यांपासूनही अभिवृद्धी सहज होते. दुहेरी फुलांच्या वाणांचे गुण बियांतून तंतोतंत उतरतीलच असे नसल्याने त्यांच्यासाठी हीच रीत सोयीची असते.

रोपे रुजल्यावर मातीचा वरचा थर सुकल्यानंतरच पाणी द्यावे. नत्रयुक्त खत अधिक झाल्यास पालेवाढ होते व फुले कमी येतात. शेंडे खुडल्याने फुटवे वाढून झाड दाट पसरते.

महाराष्ट्रात या झाडाची कसोटी उन्हाळ्यात नव्हे, तर पावसाळ्यात लागते. उन्हाळाभर बहरलेला वाफा सततच्या पावसात काही दिवसांत कुजू शकतो. अशा वेळी खोड बुंध्याशी मऊ व काळपट होते. कोमेजलेली फांदी पाहून आणखी पाणी घातल्यास कूज वाढते; त्यामुळे आधी माती बोटाने तपासावी. पावसाळ्यात कुंड्या पावसाच्या आड, पण उजेडात ठेवाव्यात आणि निरोगी फांद्यांचे तुकडे वेगळ्या कुंडीत लावून वाण राखावा.