अकरावीच्या उंबरठ्यावर इंग्रजी शब्दांची भिंत

वाशीम : दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला विद्यार्थी अकरावीच्या विज्ञान शाखेत जातो, तेव्हा विषय तेच राहतात, भाषा मात्र एका उन्हाळ्यात बदलते. राज्यात जून २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. तरीही रिसोड, मानोरा किंवा मालेगाव तालुक्यातील गावांतून येणाऱ्या मुलांची ही अडचण सरलेली नाही. 'नीट'ची प्रश्नपत्रिका २०१७ पासून मराठीतही मिळते. पण कनिष्ठ महाविद्यालयातील विज्ञानाचे अध्यापन आणि पाठ्यपुस्तके इंग्रजीतच आहेत.

गंमत अशी, की अवघड वाटणारे शास्त्रीय शब्द हा खरा अडसर नव्हे. 'फोटोसिंथेसिस' म्हणजे प्रकाशसंश्लेषण. 'फोटो' म्हणजे प्रकाश आणि 'सिंथेसिस' म्हणजे संश्लेषण, इतके सरळ. 'आर्थ्रोपोडा' म्हणजे शाळेतलेच संधिपाद प्राणी. 'ऑक्टोपस' तर शब्दशः अष्टपाद! ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत या एकाच कुळातील भाषा असल्याने असे सगेसोयरे पदोपदी भेटतात. 'हायपर' हा आपल्या 'उपरि'चा, तर 'हायपो' हा 'उप'चा नातेवाईक. हे ध्यानात ठेवले, तर 'हायपरटेन्शन' आणि 'हायपोटेन्शन' यांत गल्लत होत नाही. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेची राजधानी असलेल्या, आणि जिच्या नावावरून काव्यशैलीला 'वच्छोमी' म्हटले गेले त्या नगरीतील मुलांना ही वाट परकी वाटू नये.

खरी अडवणूक करतात ती साधी दिसणारी क्रियापदे. 'डिराइव्ह', 'अझ्यूम', 'अ‍ॅनालाइज', 'इव्हॅल्युएट' हे शब्द कोणत्याही एका विषयाचे नसल्याने कोणताच शिक्षक ते थांबून समजावत नाही. परिणामी सूत्र पाठ असूनही प्रश्न काय करायला सांगतो, हेच कळत नाही आणि हातचे गुण जातात.

न्यूझीलंडमधील भाषातज्ज्ञ अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली नेमक्या अशाच शब्दांची यादी प्रसिद्ध केली. तीत ५७० शब्दकुटुंबे असून, शैक्षणिक मजकुरातील सुमारे १० टक्के शब्द त्यांत मोडतात. 'डिराइव्ह' शिकताना 'डेरिव्हेशन', 'डेरिव्हेटिव्ह' सोबतच येतात, म्हणून त्यांना कुटुंब म्हणायचे. रोज दोन कुटुंबे घेतली, तरी दहा महिन्यांत यादी संपते. मात्र ही यादी इंग्रजीतील नित्याचे दोन हजार शब्द येतात असे गृहीत धरते. ज्यांचे तेच कच्चे आहेत त्यांनी आधी तिकडे वळावे.

शब्दकोशातून रोज पन्नास शब्द घोकण्याची प्रथा मात्र निरुपयोगी ठरते. पाठ केलेले किती झपाट्याने विसरते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्येच दाखवून दिले होते. तोच शब्द दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने पुन्हा आठवून पाहिला तर टिकतो. त्यासाठी महागडा वर्ग लागत नाही. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचे तुकडे पुरतात : एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ आणि ज्या प्रश्नात तो अडला, तो प्रश्न.