प्रदर्शनातील फ्रेंच : सांगली-साताऱ्याच्या उत्पादकांसाठी

सांगलीची हळद व बेदाणा, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणि कोरेगावचा वाघ्या घेवडा यांना भौगोलिक मानांकन लाभले आहे. सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी १९१० पासून कारखानदारीसाठी ओळखली जाते. अशा मालाचे खरेदीदार पॅरिसच्या ‘सियाल’ या खाद्यपदार्थ प्रदर्शनात भेटतात. १९६४ साली सुरू झालेले हे प्रदर्शन दर दोन वर्षांनी भरते. पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल, आयव्हरी कोस्ट या देशांतही व्यापाराची भाषा फ्रेंचच आहे. प्रदर्शनात इंग्रजीवर बरेचसे निभावते. तथापि काही फ्रेंच वाक्ये अवगत असल्यास परकेपणा कमी होतो व नुकसानही टळते.

आधी अभिवादन

गाळ्यात शिरताच ‘बोंझूर, मस्यो’ आणि समोर स्त्री असल्यास ‘बोंझूर, मादाम’ म्हणावे. अभिवादनाआधी भाव विचारणे तेथे असभ्य समजतात. आपल्या ‘तू’ व ‘तुम्ही’प्रमाणे फ्रेंचमध्ये ‘त्यू’ व ‘वू’ आहेत. व्यवहारात नेहमी ‘वू’ वापरावे.

पुढील वाक्ये पाठ करावीत. त्यांतील ‘झ’ उच्चारताना जीभ ‘श’च्या जागी ठेवावी.

झ व्यँ द लँद – मी भारतातून आलो आहे.
व्वासी मा कार्त – हे माझे कार्ड.
पार्ले-वू आंग्ले? – आपण इंग्रजी बोलता का?
प्ल्यू लाँतमाँ, सिल वू प्ले – कृपया थोडे सावकाश.
व्वासी अँनेशाँतियों – हा मालाचा नमुना.
मेर्सी, ओ रव्वार – आभारी आहे, पुन्हा भेटू.

मालाची नावे

हळदीला ‘कुर्कुमा’, स्ट्रॉबेरीला ‘फ्रेझ’, घेवड्याला ‘आरिको’ व पंपाला ‘पोंप’ म्हणतात. बेदाण्याबाबत मात्र विशेष दक्षता हवी. इंग्रजीत ‘रेझिन’ म्हणजे बेदाणा. परंतु त्याच अक्षरांनी लिहिला जाणारा फ्रेंच ‘रेझँ’ हा शब्द ताज्या द्राक्षांचा वाचक आहे. बेदाण्यास ‘रेझँ सेक’, म्हणजे सुकी द्राक्षे, असे म्हणावे लागते. फलकावर ‘सेक’ हा शब्द राहून गेला, तर तासगावचा बेदाणा विकणाऱ्याकडे ताज्या द्राक्षांची चौकशी होईल.

आकड्यांतील धोका

आपल्याकडील जुनी माणसे ‘चार विसा’ म्हणून ऐंशी मोजीत. फ्रान्समध्ये आजही ऐंशीला ‘कात्र-व्हँ’, म्हणजे चार वीस, असे म्हणतात. नव्वद म्हणजे ‘कात्र-व्हँ-दिस’, चार वीस आणि दहा. ऐकणाऱ्याने शेवटचा ‘दिस’ गमावला, तर भावात दहाचा फरक पडतो.

लेखनातही असाच घोटाळा संभवतो. फ्रेंच पद्धतीत स्वल्पविराम हे दशांशचिन्ह असते. आपण १,२५० युरो असे लिहिले, तर तेथील वाचक ते सव्वा युरो समजू शकतो! म्हणून दरपत्रकात, ज्याला ते ‘दव्ही’ म्हणतात, हजारानंतर स्वल्पविराम न देता जागा सोडावी आणि तोंडी ठरलेला भाव लगेच कागदावर लिहून दाखवावा.

पुण्यातील आलियाँस फ्राँसेझ या संस्थेत फ्रेंच शिकण्याची सोय आहे. कराराच्या अटी ठरविताना दुभाष्याचेच साहाय्य घ्यावे. परंतु ओळख, मालाचे नाव आणि भाव या तीन गोष्टी उत्पादकाला स्वतः सांगता व समजता आल्या पाहिजेत. वर्षभराच्या कष्टांचे मोल शेवटी त्या आकड्यांतच ठरते.