ब्रेकचे पेडल खाली बसते तेव्हा

“ब्रेक जरा मऊ लागतोय हो,” असे आपण घरात सांगावे आणि पेपरातून मान वर न करता उत्तर यावे, “दोनदा दाब, लागेल.” जुनी गाडी असलेल्या कितीतरी घरांतला हा संवाद. दोनदा दाबले की ब्रेक लागतो हेही खरे, म्हणून मग महिना जातो, दुसरा जातो. पण ताशी ४० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. पाय उचलून पुन्हा दाबण्यात तो सेकंद गेला, तर शाळेच्या फाटकापाशी रस्ता ओलांडणाऱ्या पोराने काय करायचे? पेडल मऊ झाले की कारण शोधायलाच हवे. आणि शोधाचा पहिला भाग तुम्हाला स्वतःला, अंगणात, हात काळे न करता करता येतो.

मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली थांबले, अँबॅसडरचेही त्याच वर्षी. म्हणजे त्यांतली सर्वांत धाकटी गाडीसुद्धा आज दहा वर्षांच्या पुढे गेली; पद्मिनी तर त्याहून वडीलधारी. शिवाय घरातली जुनी गाडी रोज कुठे चालते? मुलांना क्लासला सोडायचे, एखादे लग्नकार्य, आणि बाकी दिवस झाकण घालून उभी. ब्रेकमधल्या रबराला हे उभे राहणे मानवत नाही, बरं का.

आत काय चालते ते समजायला होळीची पितळी पिचकारी आठवा. पाण्याने पूर्ण भरलेल्या पिचकारीच्या तोंडावर बोट घट्ट धरले, तर दांडा कितीही दाबा, जागचा हलत नाही. आत थोडी हवा राहिली असेल, तर तोच दांडा दबतो आणि सोडला की मागे येतो. आणि आतले वायसर झिजले असेल, तर पाणी मागच्या बाजूने निसटून कोपरापर्यंत ओघळते व दांडा हळूहळू बसत जातो. मोटारीत या पिचकारीला मास्टर सिलिंडर म्हणतात. पेडल हा तिचा दांडा, पाण्याच्या जागी ब्रेक ऑइल, आणि दाब पोचतो तो नळ्यांतून चारही चाकांपाशी. पेडलचे बहुतेक दुखणे याच दोन गोष्टींत सापडते: हवा शिरली आहे, किंवा ऑइल कुठून तरी निसटते आहे.

तेव्हा एखाद्या सकाळी गाडी सपाट जागी उभी करा. हँडब्रेक ओढा, चाकांना विटा लावा आणि इंजिन बंद ठेवा. पेडल पाच-सहा वेळा दाबून सोडा, म्हणजे बूस्टरमध्ये साठलेला जोर संपतो. आता पाय ठेवून मध्यम जोराने दाबा आणि मनात साठपर्यंत आकडे मोजा. चांगले पेडल जिथे थांबले तिथेच दगडासारखे राहते. ते लोण्यात सुरी उतरावी तसे सावकाश खाली जाऊ लागले, तर समजा की ऑइल निसटते आहे. हीच परीक्षा अगदी हलक्या पायानेही करावी. गंमत अशी की झिजलेले वायसर जोराच्या दाबाखाली कधी कधी फुगून घट्ट बसते आणि सावकाश दाबल्यावर मात्र चोरी करते. सिग्नलला थांबलेल्या गाडीत पेडल आपोआप खाली सरकते, पण जोरात ब्रेक मारला की नीट लागतो, असे होत असेल तर हेच कारण बहुधा निघते.

इथे एक गैरसमज दूर करते. बूस्टर असलेल्या गाडीत पेडल दाबून धरलेले असताना इंजिन सुरू केले, की ते थोडेसे खाली जाऊन थांबते. ते दुखणे नव्हे, उलट बूस्टर चालू असल्याची ती खूण आहे. खाली जातच राहिले तर मात्र काळजी.

पेडल सावकाश बसत असेल, तर बॉनेट उघडून ऑइलची डबी पाहा. तिच्यावर कमीत कमी आणि जास्तीत जास्तच्या दोन रेघा असतात. आजची पातळी पेनाने खूण करून ठेवा आणि चार दिवसांनी पुन्हा बघा. तोवर गाडी बाहेर काढायची नाही, पेडल दिवसातून दहा-वीस वेळा जागच्या जागी दाबायचे. पातळी खाली गेली, तर ऑइल बाहेर पडते आहे. चाकांच्या आतल्या बाजूला ओल दिसते का, पेडलच्या वर, दांडा आत शिरतो तिथे बोट लावल्यास चिकट लागते का, पायाखालची चटई भिजली आहे का, हे बघावे. रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरले तर सकाळी डाग कोणत्या चाकापाशी पडला ते दिसते. पातळी तसूभरही हलली नाही आणि पेडल तरी बसतेच आहे, तर ऑइल मास्टर सिलिंडरच्या आतल्या आत वायसर ओलांडून जाते आहे. मग बाहेर डाग शोधून उपयोग नाही. (पुढे डिस्क ब्रेक असलेल्या गाडीत पॅड झिजतात तशी पातळी महिनोन्‌महिने अगदी हळू उतरते. ती गळती नाही.)

पेडल बसत नाही, नुसते लुसलुशीत लागते, त्याचे काय? भराभर चार वेळा दाबा. दर वेळी ते वर येऊन कडक होत गेले, तरी तळाशी रबरी चेंडू दाबल्यासारखे वाटले, तर आत हवा आहे. पहिल्यांदा खूप खाली आणि दुसऱ्यांदा वर येऊन एकदम घट्ट, असे असेल तर बहुधा मागच्या ड्रममधले लायनर झिजून अंतर वाढलेले असते. अशा वेळी हँडब्रेकही पूर्वीपेक्षा जास्त वर ओढावा लागतो. हे त्यातल्या त्यात स्वस्तातले दुखणे. ब्रेक अ‍ॅडजस्ट करून किंवा लायनर बदलून भागते.

घाटाची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण ती फसवी आहे. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते, पावसाळ्यात पापड सादळावेत तसे. डॉट ३ जातीचे नवे कोरे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलेले तेच ऑइल १४० अंशांच्या आसपास उकळू शकते. खंबाटकी किंवा कुंभार्ली उतरताना सारखा पाय ब्रेकवर असला की चाकांपाशी ऑइल तापून वाफ होते, आणि वाफ म्हणजे हवाच. पेडल एकाएकी तळाला! खाली येऊन अर्धा तास थांबले की सारे पूर्ववत, आणि मंडळी म्हणतात, “बघ, काही नव्हतं.” होते, आणि पुढच्या घाटात पुन्हा होणार. घाट चढताना लागतो तोच गिअर उतरताना ठेवावा आणि ऑइल दोन वर्षांनी संपूर्ण बदलून घ्यावे. वरून भर घालणे म्हणजे शिळ्या ताकात ताजे ताक.

चालत्या गाडीत पेडल खाली गेलेच, तर भराभर दाबत राहा. बरेचदा थोडा दाब परत येतो. गिअर एकेक खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा, एकदम हिसका नको. तो तारेवर चालतो, ऑइलवर नाही, म्हणून अशा वेळी तोच कामाला येतो. इंजिन बंद करू नका आणि किल्ली तर काढूच नका, स्टिअरिंग अडकते.

गॅरेजवाल्याकडे गेलात की तो बहुधा म्हणेल, “ऑइल टाकतो, एअर काढतो, झालं.” हवा शिरली असेल तर ती काढायलाच हवी, पण शिरली कुठून हे विचारावे. पेडल सावकाश बसणाऱ्या गाडीची नुसती हवा काढली, तर आठ दिवसांत तुम्ही परत त्याच्या दारात. हवा काढताना पेडल पार तळापर्यंत आपटू देऊ नये. जुन्या सिलिंडरच्या तळाशी गंज असतो, त्यावर घासून चांगले वायसरही फाटते. मास्टर सिलिंडर उघडलाच तर आतली भिंत तुम्हाला दाखवायला सांगा. ती गुळगुळीत असेल तर नवा किट घालून चालतो. खड्डे पडले असतील तर नवा सिलिंडरच घ्यावा, इथे काटकसर नको. आणि डबीच्या झाकणावर लिहिले असेल तेच ऑइल. इंजिन ऑइल किंवा दुसरे कुठलेही तेल चमचाभर गेले, तरी आतले सगळे रबर फुगते आणि मग खर्च चौपट.

ब्रेक ऑइलची उरलेली बाटली फडताळात जपून ठेवू नये. उघडली की तीही सादळते. गाडीच्या रंगावर थेंब सांडला तर फडक्याने चोळत बसू नका, रंग निघून येतो. लगेच भरपूर पाणी ओतावे.