डोळ्याच्या पडद्याला लागणारी झळ

भर दुपारच्या उन्हातून इंदूरच्या लालबाग राजवाड्यात शिरलं, की होळकरांच्या दालनांतलं क्षणभर काहीच धड दिसत नाही. मग नक्षी हळूहळू उमटू लागते. अंधाराला डोळा पुरता सरावायला निरोगी माणसालाही अर्धा तास लागू शकतो. पण हा सराव पूर्वीपेक्षा फार रेंगाळू लागला, तर पडदा तपासून घ्यावा.

वजनाच्या मानानं पाहिलं तर डोळ्याचा पडदा शरीरातल्या सर्वात प्राणवायूखाऊ भागांपैकी एक. त्यात चटकन ऑक्सिडीकरण होणारी मेदाम्लं ठासून भरलेली, आणि वर दिवसभर उजेडाचा मारा. त्यामुळे पेशींना इजा करणारे फ्री रॅडिकल्स तयार होतच राहतात. प्रकाशपेशी रोज आपल्या टोकाचा सुमारे दहावा हिस्सा झिजवून टाकतात. मागच्या थरातल्या पेशी तो गिळून पचवतात. वय वाढतं तसं हे पचन मंदावतं, गाळ साचतो. मधुमेहात वाढलेली साखर फ्री रॅडिकल्सच्या या ताणात भर घालते.

मग फ्री रॅडिकल्सना आवरणाऱ्या अँटिऑक्सिडंट गोळ्या घ्याव्यात का? अमेरिकेतल्या ‘एरेड्स’ या मोठ्या चाचणीचं उत्तर २००१ मध्ये आलं. वयोमानानं पडद्याच्या मधोमध असलेल्या पीतबिंदूची झीज मध्यम टप्प्यात पोचलेल्यांना किंवा एका डोळ्यात बळावलेल्यांना क आणि ई जीवनसत्त्व, बीटा-कॅरोटिन, जस्त आणि तांबं एकत्र दिल्यावर आजार बळावण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे २५ टक्के घटला. सुरुवातीच्या टप्प्यातल्यांना मात्र फायदा दिसला नाही. गेलेली नजरही या गोळ्यांनी परत येत नाही. दुकानात सर्रास ‘डोळ्यांसाठी’ म्हणून बाटली मागणाऱ्यांनी एवढं तरी जाणून घ्यायला हवं. बीटा-कॅरोटिननं धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून २०१३ च्या दुसऱ्या चाचणीनंतर त्याची जागा ल्युटिन आणि झियाझँथिननं घेतली.

पीतबिंदूला पिवळेपणा येतो तो याच दोन रंगद्रव्यांमुळे. पालक-मेथीत ल्युटिन भरपूर, पिवळ्या मक्यात झियाझँथिन. इंदूरच्या सराफा बाजारातला भुट्ट्याचा कीस पिवळ्या मक्याचा असेल, तर त्यातलं तूप ही मेदात विरघळणारी द्रव्यं अंगी लागायला मदतच करतं. अर्थात, मधुमेह्यानं बेतानंच खावा आणि वर्षातून एकदा पडद्याची तपासणी चुकवू नये.

अँटिऑक्सिडंटच्या संशोधनात सध्या लक्ष लागलंय ते रेटिनायटिस पिगमेंटोसाकडे. या आनुवंशिक आजारात आधी रातांधळेपणा येतो. अंधुक उजेडात पाहणाऱ्या दंडपेशी मरतात, पण रक्तपुरवठा चालूच राहतो. वापराविना उरलेला प्राणवायू मग दिवसा पाहणाऱ्या शंकूपेशींना जाळतो. कफ पातळ करणारं एन-असिटिलसिस्टीन त्यांना वाचवू शकेल का, याची तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०२३ मध्ये सुरू झाली. औषध जुनं आणि ओळखीचं आहे, म्हणून रुग्णांनी आपल्या मनानं ते सुरू करू नये. चाचणीतले डोस खोकल्याच्या डोसापेक्षा कितीतरी मोठे आहेत.